यंत्राला नाव-गाव सांगताना

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं. हैदराबादेतही मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. महाराष्ट्र मंडळांची तर गणतीच नको. लंडनचं १९३२पासूनचं, आणि भारतातल्या बहुतेक मोठ्या शहरांत एकेक. साहित्य परिषद म्हटलं की पुण्याचा माणूस १९०६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र साहित्य परिषदेकडे बोट दाखवतो, मराठवाड्यातला माणूस मराठवाडा साहित्य परिषदेकडे आणि हैदराबादचा आपल्या मराठी साहित्य परिषदेकडे. माणसामाणसांत यावरून सहसा घोटाळा होत नाही. हैदराबादच्या कोठीच्या चौकात उभं राहून कुणी विचारलं की ग्रंथ संग्रहालय किती वाजता उघडतं, तर त्याला ठाण्याची वेळ कुणी सांगणार नाही. विचारणारा कुठे उभा आहे आणि कशासाठी विचारतो आहे, हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं.

सर्च इंजिनाला ते ठाऊक नसतं. ते अंदाज बांधतं. पानावरचे शब्द, त्या पानाकडे येणारे दुवे, विचारणाऱ्याचा फोन कुठल्या शहरात आहे, अशा खुणांवरून बांधलेला हा अंदाज पुष्कळदा बरोबर येतो. तो चुकतो लहान संस्थांच्या बाबतीत, कारण त्यांच्याविषयी इतरत्र फारसं लिहिलेलंच नसतं. अंदाजाचा हा भार यंत्रावर न टाकता आपणच आपल्या पानावर, यंत्राला वाचता येईल अशा ठरीव नमुन्यात, आपण कोण आणि आपलं पान कशाविषयी आहे हे नोंदवून ठेवायचं, याला स्ट्रक्चर्ड डेटा मार्कअप म्हणतात. प्रस्तुत पुस्तकाचा विषय तो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण या विषयाकडे येणारे बरेच जण दुसरीच अपेक्षा घेऊन येतात. मार्कअप लावलं म्हणून पान शोधयादीत आपोआप वर चढत नाही. गूगलचीही भूमिका हीच आहे: बिनचूक मार्कअपमुळे पान काही खास स्वरूपात, म्हणजे तारीख, किंमत, चित्र, पाककृतीला लागणारा वेळ अशा तपशिलांसह दाखवलं जायला पात्र ठरतं, तसं ते दाखवलं जाईलच याची हमी नाही. पण पात्र ठरणं ही लहान गोष्ट नव्हे. शोधणाऱ्याला नुसत्या निळ्या ओळीऐवजी कार्यक्रमाची तारीख आणि जागा दिसली तर त्याचं बोट तिथे जातं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपली नोंद दुसऱ्या कुणाच्या नोंदीत मिसळत नाही. माझ्या मते मार्कअपचं खरं काम हे दुसरं आहे, आणि मराठीसाठी तर नक्कीच.

नवख्या वाचकासाठी एक उदाहरण जवळून पाहू. एखाद्या मंडळाच्या वेबसाइटवर लिहिलेलं असतं: रविवार, दि. ५ रोजी सायं. ६ वा. नाट्यप्रयोग, स्थळ नेहमीचे. सभासदाला एवढं पुरतं. यंत्राला यातलं काहीच कळत नाही. कुठल्या महिन्याची ५ तारीख? कुठल्या वर्षाची? नेहमीचं स्थळ म्हणजे कुठलं? मार्कअपमध्ये हीच माहिती रकान्या-रकान्यांत मांडायची. प्रकार: थिएटर इव्हेंट. सुरुवात: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग वेळ आणि शेवटी भारतीय प्रमाणवेळेची खूण, म्हणजे २०२५-०१-०५, १८:००, अधिक ०५:३०. स्थळ: सभागृहाचं नाव, रस्ता, शहर, राज्य, पिनकोड. आयोजक: मंडळाचं पूर्ण नाव आणि त्याच्या वेबसाइटचा पत्ता. प्रयोगाची भाषा: मराठी. हा मजकूर वाचकाला दिसत नाही. पानाच्या पोटात एका छोट्या चौकटीत तो बसतो, म्हणून त्यातला तपशील पानावरच्या दिसणाऱ्या मजकुरातही असायला हवा.

या उदाहरणात मराठी माणसाला अडखळवणाऱ्या दोन जागा आहेत. दिवस आधी आणि महिना नंतर लिहायची आपली सवय अमेरिकेत उलटी होते, त्यामुळे ०५/०१ म्हणजे ५ जानेवारी की १ मे, हे यंत्राने ठरवायचं कसं? म्हणून वर्षापासून सुरू होणारा आंतरराष्ट्रीय नमुना. दुसरी जागा अंकांची. वाचकाला दिसणाऱ्या मजकुरात देवनागरी अंक खुशाल असावेत, मी तर तसा आग्रहच धरीन. पण मार्कअपच्या तारीख, वेळ, किंमत या रकान्यांत इंग्रजी अंकच लिहावे लागतात. देवनागरी अंकांत लिहिलेली तारीख त्या रकान्यात तारीख म्हणून ओळखलीच जात नाही. अशा बारीकसारीक बाबी इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा सापडत नाहीत, कारण त्या लिहिणाऱ्यांना हा प्रश्न बहुधा पडलेला नसतो.

माहितीला रकान्यांत बसवण्याची खटपट वेबच्या पुष्कळ आधीची आहे. १९३१ साली हैदराबादेत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते श्रीधर व्यंकटेश केतकर, महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड मराठीला देणारे. त्याच वर्षी मद्रासेत शियाळी रामामृत रंगनाथन यांचं ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांवरचं पुस्तक निघालं आणि दोन वर्षांनी त्यांची कोलन वर्गीकरण पद्धती. केतकरांपुढचा प्रश्न होता जगातलं ज्ञान मराठी वाचकाला कुठल्या शीर्षकाखाली सापडेल हा. रंगनाथनांचा प्रश्न त्याहून सूक्ष्म: एकाच पुस्तकाचे विषय, जागा, काळ असे अनेक पैलू असतात, त्यातल्या कुठल्याही पैलूने शोधणाऱ्याला ते मिळालं पाहिजे. पुस्तकाला एकाच खणात कोंबण्याऐवजी त्याचे पैलू वेगवेगळे नोंदवायचे, ही त्यांची कल्पना. आजच्या मार्कअपकडे पाहताना मला रंगनाथनांची आठवण वारंवार होते. दोघांतला वंशवृक्ष सरळ रेषेचा नाही हे मान्य, पण विचाराची जात तीच आहे.

वेबवर या खटपटीला सुरुवात झाली ती ग्रंथपालांच्या हातूनच. १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डब्लिन नावाच्या गावी बैठक झाली आणि शीर्षक, कर्ता, विषय, तारीख, भाषा अशा मोजक्या रकान्यांचा डब्लिन कोअर हा नमुना तयार झाला. तो आजही ग्रंथालयांत आणि डिजिटल संग्रहांत वापरात आहे. वेबच्या बाजारात मात्र त्याच सुमारास वेगळंच घडत होतं. पानाच्या डोक्यावर कीवर्ड्सचा एक रकाना असायचा. त्यात खरे विषय लिहावेत अशी अपेक्षा होती. लोकांनी त्यात वाटेल ते शब्द कोंबले. शेवटी गूगलने २००९ साली जाहीरच केलं की क्रम लावताना आपण हा रकाना पाहत नाही. लेखक कोरी डॉक्टरोव्ह यांनी २००१ सालीच एका निबंधात बजावलं होतं की लोक खोटं लिहितात, आळस करतात, आणि स्वतःविषयी नीट सांगणं त्यांना जमत नाही, म्हणून लोकांनी स्वतः भरलेल्या माहितीवर जगाची सूची उभी राहणार नाही. या विषयातल्या कुणालाही त्या निबंधाला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

त्याच २००१ साली टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात सिमँटिक वेबचं स्वप्न मांडलं. यंत्रांना पानाचा अर्थ कळेल आणि माणसाची कामं ती परस्पर करतील, असं ते चित्र. त्यामागे आरडीएफ हा नमुना होता. कर्ता, संबंध आणि कर्म अशा तीन तुकड्यांत जगातलं कुठलंही विधान मांडायचं, हे त्याचं सूत्र. त्याच्या जडणघडणीत रामनाथन गुहा यांचा मोठा वाटा. मद्रास आयआयटीतून बाहेर पडलेले गुहा आधी डग्लस लेनट यांच्या साइक या प्रकल्पात होते. माणसाचं सामान्य व्यवहारज्ञान एकेक विधान करून संगणकाला शिकवण्याचा तो प्रचंड प्रयत्न. पुढे अ‍ॅपल, नेटस्केप आणि नंतर गूगल असा त्यांचा प्रवास झाला. मार्कअपचा इतिहास एका माणसाच्या आयुष्यावरून सांगायचा झाला तर तो गुहांच्या आयुष्यावरून सांगता येईल.

सिमँटिक वेबवाल्यांचा पिंड तत्त्वज्ञाचा होता. आधी जगाची शुद्ध व्याख्या, मग पानं. त्याला कंटाळलेला एक गट २००५च्या सुमारास मायक्रोफॉरमॅट्स घेऊन पुढे आला. त्यांचं म्हणणं असं, की माणसाला दिसणाऱ्या मजकुरालाच चार खुणा लावा, वेगळी लपलेली माहिती ठेवूच नका; जे दिसतं तेच यंत्र वाचेल, म्हणजे खोटं बोलायला वाव कमी. ही भूमिका मला नैतिकदृष्ट्या फार आवडते. ती मागे पडली, पण तिचा गाभा टिकला: पानावर न दिसणारी माहिती मार्कअपमध्ये घालू नये, हा नियम आज गूगलच्या नियमावलीत आहे आणि तो मोडणाऱ्या वेबसाइटवर कारवाई होते. डॉक्टरोव्ह यांच्या आक्षेपाला मिळालेलं हे एक व्यवहारी उत्तर आहे.

तिसरा पंथ सर्च इंजिनांचा. याहूने २००८ साली सर्चमंकी आणलं, गूगलने २००९ साली रिच स्निपेट्स. प्रत्येकाचे नमुने निराळे, त्यामुळे वेबसाइट चालवणाऱ्याने एकच गोष्ट तीन तऱ्हांनी लिहायची वेळ आली. अखेर २ जून २०११ रोजी गूगल, मायक्रोसॉफ्टचं बिंग आणि याहू या एकमेकांच्या स्पर्धकांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग हा सामाईक शब्दसंग्रह जाहीर केला. काही महिन्यांनी रशियाचं यांडेक्सही त्यात आलं. सुरुवातीला या शब्दसंग्रहात २९७ प्रकार आणि १८७ संबंध होते. आज प्रकारच ८००च्या पुढे गेले आहेत. गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार १० अब्ज पानांच्या नमुन्यात ३१.३ टक्के पानांवर हे मार्कअप सापडलं होतं. सिमँटिक वेबच्या स्वप्नाला दहा वर्षांत जे जमलं नाही ते यांना पाच वर्षांत जमलं. शुद्धतेचा आग्रह सोडून त्यांनी वेबसाइट चालवणाऱ्याला लगेच दिसेल असा मोबदला दिला, हे त्याचं कारण.

लिहिण्याच्या पद्धतीही तीन आहेत. मायक्रोडेटा आणि आरडीएफए या दोन पद्धतींत खुणा मजकुराच्या अंगावरच गोंदवाव्या लागतात. पानाची मांडणी बदलली की खुणा विस्कटतात. जेसन-एलडी ही तिसरी पद्धत २०१४ साली जागतिक वेब संघटनेची अधिकृत शिफारस झाली. ती सगळी माहिती एका ठिकाणी वेगळ्या चौकटीत ठेवते. लहान संस्थेत वेबसाइट एक जण बनवतो आणि मजकूर दुसराच कुणी बदलतो, तिथे हीच पद्धत टिकते. या पुस्तकानेही फक्त तीच शिकवली आहे. तिन्ही शिकवण्याचा मोह टाळला हे बरं केलं.

चौथा प्रवाह जोडलेल्या माहितीचा. डीबीपीडिया २००७चा, विकिडेटा २०१२चा. इथे प्रत्येक गोष्टीला नावाऐवजी क्रमांक मिळतो. भारतातलं हैदराबाद शहर म्हणजे विकिडेटात क्यू १३६१. मराठी भाषा म्हणजे क्यू १५७१. गूगलने आपला नॉलेज ग्राफ मे २०१२मध्ये जाहीर केला, त्यामागचा विचारही अक्षरांऐवजी वस्तू ओळखण्याचाच. मार्कअपमध्ये सेम अ‍ॅज नावाचा एक रकाना आहे. आपण म्हणतो ती संस्था, ते गाव किंवा तो लेखक म्हणजे जगाच्या नोंदवहीतला अमुक क्रमांक, असं तिथे सांगता येतं. सगळ्या स्कीमात एकच रकाना ठेवायची मुभा दिली, तर नावापाठोपाठ मी हाच ठेवीन.

हैदराबादहून पाहिलं की या रकान्याची किंमत लगेच पटते. हैदराबाद हे शहर १७.३८ अक्षांश आणि ७८.४८ रेखांशावर आहे. सिंधमधलं हैदराबाद २५.३९ आणि ६८.३७वर. मराठी इतिहासलेखनात हैदराबाद म्हटलं की पुष्कळदा शहर अभिप्रेतच नसतं. १७ सप्टेंबर १९४८ला भारतात आलेलं संस्थान, ज्यात मराठवाडा होता आणि जे १९५६च्या राज्य पुनर्रचनेत विरून गेलं, त्याविषयी लिहिणारा मराठी लेखक हैदराबाद असंच लिहितो. तीन वेगवेगळ्या गोष्टी, अक्षरं सगळी तीच. नांदेडच्या एखाद्या महाविद्यालयाने हैदराबाद मुक्तिसंग्रामावरचे लेख वेबसाइटवर ठेवले आणि प्रत्येक लेख यांपैकी कशाविषयी आहे हे मार्कअपच्या अबाउट या रकान्यात नोंदवलं, तर संस्थानाचा इतिहास शोधणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हॉटेलांची यादी येण्याची शक्यता कमी होते.

पत्त्यांची गोष्ट आणखी नाजूक. स्कीमा डॉट ऑर्गची घोषणा २ जून २०११ची. बरोबर तीन वर्षांनी, २ जून २०१४ला, तेलंगण राज्य अस्तित्वात आलं. त्यापूर्वीच्या हजारो पानांवर हैदराबादचं राज्य आंध्र प्रदेश असं होतं आणि दोन्ही राज्यांची संयुक्त राजधानी म्हणून शहराची कायदेशीर मुदत २ जून २०२४पर्यंत चालल्यामुळे गोंधळाला आणखी दहा वर्षं मिळाली. महाराष्ट्रात २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. औरंगाबाद नावाचं एक शहर बिहारातही आहे. नामांतराबद्दल कुणाचं मत काहीही असो, जुन्या नावाने शोधणारा माणूस उद्याही असणार आहे. नवं नाव मुख्य रकान्यात, जुनं नाव ऑल्टरनेट नेम या रकान्यात, असं केलं की दोघंही योग्य दारात पोचतात. हीच सोय टोपणनावांना लागू. कुसुमाग्रज शोधणारा आणि वि. वा. शिरवाडकर शोधणारा वाचक एकाच लेखकापाशी पोचला पाहिजे, आणि ते एकाच रकान्याने साधतं. मराठी माणसाच्या नावात मधे येणारं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कुठे लिहायचं, हा प्रश्नही पहिल्याच दिवशी पडतो. त्यासाठी अ‍ॅडिशनल नेम हा रकाना आहे.

मराठी पानांचा इतिहास जाणणाऱ्यांना इथे एक जुनी ओळख पटेल. २०००च्या आसपासच्या कित्येक मराठी वेबसाइट स्वतःच्या खास फाँटमध्ये होत्या. डोळ्यांना मराठी दिसायचं, पण आतली अक्षरं मराठी नसायची. सर्च इंजिनाच्या लेखी ती पानं नव्हतीच. युनिकोड रुळल्यावर तो पडदा हटला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला तो त्याच आधारावर. पण युनिकोडनेही सगळं मिटलेलं नाही. ॲप हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: २००८ साली युनिकोडमध्ये स्वतंत्र आलेलं ॲ हे अक्षर घेऊन, किंवा अ, मधे एक अदृश्य जोडचिन्ह आणि वर चंद्र अशी जुळणी करून. बहुतेक पडद्यांवर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या आत ते दोन वेगळे शब्द असतात. संस्थेचं नाव एका पानावर एका तऱ्हेने आणि दुसऱ्या पानावर दुसऱ्या तऱ्हेने पडलं, तर आपण आपलीच दोन तोंडं केली. मार्कअप लिहायला बसण्याआधी आपलं नाव कुठल्या अक्षरांनी लिहायचं हे एकदा ठरवून सगळीकडे तेच ठेवणं, ही या कामाची पहिली पायरी.

आता उणिवांविषयी, कारण त्या दडवून या विषयाचं भलं होणार नाही. स्कीमाच्या व्यवसायांच्या यादीत कॅसिनो आहे, स्की रिसॉर्ट आहे, आइस्क्रीमचं दुकान आहे. खानावळ नाही, पिठाची गिरणी नाही. हैदराबादच्या काचीगुड्यात महिन्याच्या बोलीने दोन वेळचं जेवण देणाऱ्या बाईंना आपल्या व्यवसायासाठी उपाहारगृहाचा ढोबळ प्रकार निवडून बाकीचं वर्णनात लिहावं लागतं. शब्दसंग्रह ज्यांनी घडवला त्यांच्या बाजारपेठेचं जग त्यात आहे. हा शब्दसंग्रह खुला आहे, त्यात भर सुचवता येते, पण भारतीय भाषांच्या व्यवहारातून आलेल्या सूचना त्यात किती पोचतात याचा विचार आपणच करायला हवा. आणि हे काम करायला हैदराबादइतकं सोयीचं शहर दुसरं नसेल. मायक्रोसॉफ्टचं विकास केंद्र इथे १९९८पासून आहे, गूगल २००४पासून. स्कीमा डॉट ऑर्ग काढणाऱ्या तिघांपैकी दोघांची मोठी कार्यालयं शहरातल्या सुलतान बाजारापासून पंधरा-वीस किलोमीटरवर आहेत. भारतीय भाषांच्या संगणकीय अभ्यासासाठी नावाजलेली ट्रिपल आयटीही गच्चीबावलीतच. या इमारतींत काम करणारी मराठी मुलं-मुली संध्याकाळी मंडळाच्या नाटकाला येतात. त्यांचा रविवारचा एक तास संस्थेच्या वेबसाइटसाठी मागायला संकोच कशाला?

दुसरी उणीव सत्तेची आहे. मोबदला सर्च इंजिन देतं, आणि तेच तो काढूनही घेतं. स्वतःच्या वेबसाइटवर स्वतःलाच दिलेले तारे दाखवणं गूगलने सप्टेंबर २०१९मध्ये बंद केलं, ते योग्यच होतं. पण प्रश्नोत्तरांच्या मार्कअपचा प्रकार पाहा. शोधयादीत जास्त जागा मिळते म्हणून असंख्य वेबसाइटवाल्यांनी पानोपानी प्रश्नोत्तरं रचली. ऑगस्ट २०२३मध्ये गूगलने तो देखावा मोजक्या सरकारी आणि आरोग्यविषयक वेबसाइटपुरता ठेवला. कृतीच्या पायऱ्या दाखवणारा प्रकार त्याच्या पुढच्याच महिन्यात गेला. ज्यांनी केवळ दिसण्यासाठी मार्कअप केलं होतं त्यांची मेहनत वाया गेली. ज्यांनी संस्थेचं नाव, पत्ता, वेळ, लेखक, तारीख, भाषा एवढंच नीट नोंदवलं होतं त्यांचं काहीच बिघडलं नाही, कारण ती माहिती सजावट नव्हती आणि तिची गरज संपत नाही.

आज ती गरज वाढली आहे. शोधणाऱ्यापुढे दहा दुवे ठेवण्याऐवजी यंत्र आता स्वतःच दोन वाक्यांत उत्तर देऊ लागलं आहे. दहा दुव्यांत ठाणे आणि हैदराबाद दोन्ही दिसत. वाचक आपलं ते निवडायचा. दोन वाक्यांच्या उत्तरात निवड यंत्र करतं आणि चूक झाली तर ती वाचकाच्या नजरेलाही येत नाही. या नव्या उत्तरांसाठी काही खास मार्कअप लागतं असं सांगून पैसे घेणारे बाजारात आले आहेत. गूगल स्वतः सांगतं की तसं वेगळं काही लागत नाही. जे मार्कअप आहे ते दिसणाऱ्या मजकुराशी जुळलेलं असावं, एवढंच. संस्थाचालकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी आणि जादूचे उपाय विकणाऱ्यांना दारातूनच परत पाठवावं.

मराठी ८ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये तिला अभिजात दर्जाही मिळाला. पण बृहन्महाराष्ट्रातल्या संस्थांची माहिती वेबवर विरळ आहे आणि जिथे आहे तिथे ती अनेकदा चित्राच्या स्वरूपात आहे. कार्यक्रमपत्रिकेचा फोटो टाकला की काम झालं असं आपण समजतो. हैदराबादच्या मराठी समाजाने निजामाच्या राज्यात शाळा काढल्या, वाचनालयं चालवली, नियतकालिकं काढली. त्या कामाची यंत्राला वाचता येणारी नोंद आज झाली नाही, तर उद्याच्या शोधणाऱ्याला या शहरात मराठी होती याचा सुगावा परक्यांच्या पानांवरून लागेल, आणि तोही अर्धवट.

पुस्तकाची भूमिका या जागेवरून ठरली आहे. ते वेबसाइट विकणाऱ्या कंपन्यांसाठी लिहिलेलं नाही. मंडळाचे चिटणीस, वाचनालयाचे स्वयंसेवक, छोट्या साप्ताहिकाचे संपादक, घरून मसाले-लोणची विकणाऱ्या उद्योजक आणि त्यांना मदत करणारे विद्यार्थी, हा त्याचा वाचक. आधी कागदावर प्रश्न: आपण कोण आहोत, कुठे आहोत, हे पान कशाविषयी आहे, आपल्याच नावाचं दुसरं कुणी आहे का? उत्तरं जुळली की मग कोड. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. तपासणीच्या साधनांवरही पुस्तकाने भर दिला आहे. गूगलची रिच रिझल्ट चाचणी आणि स्कीमाची स्वतःची पडताळणी ही दोन्ही साधनं विनामूल्य आहेत आणि चूक कुठल्या ओळीत आहे हे सांगतात. इंग्रजीची भीती असलेल्यानेही ती वापरावीत यासाठी त्यांतले संदेश पुस्तकात मराठीत समजावले आहेत.

एक अपेक्षा मात्र नोंदवतो. जुन्या दिवाळी अंकांचे आणि नियतकालिकांचे संच स्कॅन करून वेबवर ठेवणाऱ्या संस्था आता वाढत आहेत. अंक, लेख, लेखक, वर्ष यांचं मार्कअप ही त्यांची निकड आहे आणि स्कीमात त्यासाठी नियतकालिक, अंक आणि लेख असे स्वतंत्र प्रकार उपलब्ध आहेत. या पुस्तकात तो विषय ओझरता आला आहे. पुढच्या आवृत्तीत त्याला पूर्ण जागा मिळावी.

वाचकांना एवढीच विनंती. पुस्तक शेवटपर्यंत वाचून मग कामाला लागू, असं म्हणू नका. तुमच्या संस्थेच्या घटनेत किंवा नोंदणीपत्रात जे नाव आहे ते अक्षरन् अक्षर काढून घ्या, पत्ता आणि वेळ तपासा, आणि पहिल्या पानासाठी तेवढंच मार्कअप या आठवड्यात लिहा. बाकीचं त्यानंतर जोडता येतं.